कोष्टक आणि कोठार: नातं सख्खंच

‘कोष्टक’ आणि ‘कोठार’ यांचा संबंध आहे का, असा प्रश्न पडू शकतो. आहे, अगदी सख्खा. मूळ संस्कृत ‘कोष्ठ’, म्हणजे बंदिस्त केलेली आतली जागा. प्राकृतात ‘कोट्ठ’, त्यातून आपले कोठा, कोठी, कोठडी. कोठार म्हणजे कोष्ठागार. कोष्टक आलं ‘कोष्ठक’वरून: कागदावर रेघा मारून केलेली घरं.

मला सर्वांत आवडतो तो वैद्यांचा अर्थ. आयुर्वेदात पोटाच्या पोकळीलाही कोष्ठच म्हणतात. कुणाचा मृदू, म्हणजे सहज साफ होणारा; कुणाचा क्रूर, म्हणजे सहजी साफ न होणारा. एरंडेल पाजून ‘कोठा साफ झाला का रे?’ विचारणाऱ्या आजीच्या तोंडी तोच शब्द असतो.

आणि कोष्टकातला ‘ट’ चूक नव्हे. मराठीत तोच रूढ आहे, कृपया तो ‘सुधारू’ नका.