मदत हवी आहे: टोडस्टूल कोरल १६ दिवस मिटलेलं, झेनिया गेला, पाण्यात तांबं उतरलंय का?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज यायचा नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

टँक खाऱ्या पाण्याचा, ३ फुटी, दगड-वाळू वजा जाता पाणी १५० लिटरच्या आसपास, लावून दीड वर्ष झालं. हार्ड कोरल (दगडी प्रवाळ) आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात म्हणून मी फक्त सॉफ्ट (मऊ) कोरल ठेवतो, छत्रीसारखं एक टोडस्टूल लेदर, झेनिया आणि झोआचे दोन फ्रॅग (छोटे तुकडे). टोडस्टूल मुंबईहून पंचवटी एक्स्प्रेसने डबा मांडीवर धरून आणलेलं, तेव्हा दहाच्या नाण्याएवढं होतं, आता चहाच्या बशीएवढं झालंय. त्यामुळे फार जीव तुटतोय.

झालं असं की पाडव्यानंतर दहा-बारा दिवसांनी क्लीनर श्रिम्प (कोळंबी) मेला. कात टाकताना अडकला असेल असं मला वाटलं. पुढच्या आठवड्यात टर्बो गोगलगायी काचेवरून सुटून खाली उलट्या पडायला लागल्या, तिन्ही गेल्या. मग झेनियाची उघडझाप थांबली आणि चार दिवसांत त्याचा अक्षरशः लगदा झाला. आता टोडस्टूल १६ दिवस बंद आहे. ते अधूनमधून बंद होतं, मेणचट पापुद्रा टाकतं आणि आठवड्याभरात परत फुलतं हे माहीत आहे, आधी तीनदा झालंय. पण या वेळी पापुद्रा नाहीच, टोपी एका बाजूला कललीय आणि कडेला बोटभर भाग काळपट पडलाय. झोआ अर्धे मिटलेले.

आजचे आकडे: सॅलिनिटी १.०२५, अल्कॅलिनिटी ८ डीकेएच, कॅल्शियम ४२०, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०८, अमोनिया-नायट्राइट शून्य. टेंपरेचर दुपारी २९ ला जातं, पण गेल्या मे महिन्यात लाईट गेल्यावर ३० ला टेकलं होतं आणि तेव्हा हेच टोडस्टूल मजेत फुललेलं होतं, म्हणून नुसत्या उन्हाळ्यावर ढकलायला मन तयार नाही. लाईट, फ्लो काहीच बदललेलं नाही.

दोन्ही क्लाउन आणि गोबी हे मासे मात्र ठणठणीत, हातावर येऊन खातात. मासे धडधाकट आणि बिनकण्याचे जीव तेवढे एकामागोमाग चाललेत, हे लक्षात आल्यावर डोक्यात आलं की पाडव्याला घरात नवीन प्युरिफायर घेतलाय आणि तो कॉपरवाला, म्हणजे पाण्यात तांबं उतरवणारा आहे! सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळतात म्हणून जुना काढला, आणि आई आयुष्यभर रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवणारी, तिला तोच आवडला. माणसांना चांगलाच आहे तो. पण मी त्याच नळाचं पाणी टॉप-अपला (उडालेल्या पाण्याची भर म्हणून) घालत होतो. जुन्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) १२ यायचा, याचा ७८ येतोय, आणि हे मी परवा पहिल्यांदा मोजलं, याचं फार वाईट वाटतंय. फॅन चालू असल्याने रोज ३ लिटर उडतं, म्हणजे पाच आठवड्यांत शंभरेक लिटर हेच पाणी आत गेलं. वाफ नुसत्या पाण्याची होते, बाकी जे काही असेल ते टँकमध्येच साठत जातं.

कॉपर टेस्ट किट आणलं तर रंग जवळजवळ येतच नाही. पण गोगलगायी-कोरलला फार कमी तांबंही पुरतं आणि आपली किटं मुळात माशांच्या औषधाचा डोस मोजायला असतात, म्हणून त्या निकालावर माझा भरवसा बसत नाहीये.

आत्तापर्यंत नवीन पाणी बंद केलं, बॅटरीवाल्याकडच्या डिस्टिल्ड पाण्यात मीठ कालवून २० टक्के बदललं (त्याचा टीडीएस २ आला) आणि संपमध्ये (फिल्टरच्या टाकीत) कार्बनची पिशवी टाकली.

आता विचारायचंय ते असं. बॅटरीचं पाणी सलग वापरलेलं कुणी आहे का, त्यात ॲसिडचा वगैरे अंश निघाला का कधी? नुसत्या कार्बनने भागेल की तांबं शोषणारं पॉली-फिल्टर किंवा क्युप्रीसॉर्ब लागेलच, आणि ते मागवायचं कुठून? दगड-वाळू तांबं धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात म्हणे, मग दगड काढावे लागतील का? आणि काळपट कड आत्ताच ब्लेडने कापू की थांबू? बुंधा अजून घट्ट आहे, वास नाही.

नाशिकमध्ये कुणाचा चालू रीफ टँक असेल आणि टोडस्टूल महिनाभर ठेवून घेता आलं तर फार उपकार होतील. मी गंगापूर रोडला राहतो, शहरात कुठेही रात्री-अपरात्री स्वतः आणून देईन, मेसेज करा.