चर्चा: घरावर सोलर आधी की खारबंदिस्ती आधी?

खारेपाटकर: हवामान बदलावर गावकीपुढे ठराव आलाय: दर घराने छपरावर सोलर घ्यायचं, भाजावळ, म्हणजे भातरोपांची जागा पाला-शेण जाळून भाजणं, बंद करायची, कापडी पिशव्या वापरायच्या. माझा विरोध क्रमाला आहे. आधी बाहेरकाठा, म्हणजे खारं पाणी अडवणारा खाडीकडचा बांध, धरा. धरमतर खाडीच्या बाजूला उधाणात बांधाला खांड (भगदाड) पडून खारं पाणी शेतात शिरलं की मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर पिशव्या मोजत बसायचं का?

किनारा_४०२: भाऊ, बांधाचं काम खारभूमी विभागाचं. घराचं छप्पर मात्र आपल्या हातात. ३ किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान आहे आणि उघडिपीत दिवसाला साधारण १२ युनिट वीज मिळते. कोळशाच्या एका युनिटमागे एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो. हिशोब तुम्हीच करा.

जिताडा: हिशोब अर्धाच झाला. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराला १ किलोवॅट पुरतं, ३ कशाला? त्यात बॅटरी नसलेलं सोलर लाईन गेली की आपोआप बंद पडतं, म्हणजे वादळात, नेमक्या गरजेच्या वेळी, घर अंधारात. पॅनेलचा सांगाडा पातळ पत्र्यावर स्क्रूने अडकवलेला असतो. वारा खालून उचलतो तेव्हा पत्र्यासकट जातो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात काय करून गेलं ते आठवा. पाय स्लॅबमध्ये किंवा खालच्या वाशा-लोखंडापर्यंत गेलेले हवेत, नट-बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. साध्या बोल्टांना खाऱ्या वाऱ्यात लवकरच गंज चढतो. हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, तोंडी नको.

वरकस: भाजावळीबद्दल कोणीच बोलत नाही. पाला पुन्हा उगवतो, त्यामुळे जळणातला कार्बन हा मुख्य मुद्दा नव्हे. खरं नुकसान ऐन-किंजळीच्या टाहाळासाठी (डहाळ्यांसाठी) झाडं बोडकी होतात, शेण शेतात न जाता जळतं, हे. त्याऐवजी मीटरभर रुंद, १० ते १५ सेंटिमीटर उंच गादीवाफे करा, कुजलेलं शेणखत मिसळा. फसतं कुठे? तणात. राब, म्हणजे रोपांची जागा, भाजल्याने तणाचं बी मरतं, वाफ्यात ते मरत नाही. पहिल्या पावसावर तण उगवू द्या, खुरपून काढा, मगच भात पेरा. आठवडाभर उशीर होईल, तो धरूनच चाला.

जिताडा: @वरकस, खाऱ्या जमिनीत मोड आलेलं बी रहू टाकतात, म्हणजे थेट शेतात फेकतात, तिथे राब कशाला लागतो? हा मुद्दा वरच्या वाडीचा. ठराव मात्र सगळ्या गावाला एकच. अशाने कोण पाळणार?

खारेपाटकर: तेच म्हणतोय. आता विभागाची वाट न बघता काय होतं ते सांगतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढते. काम तेव्हाच काढा. बांधात खेकड्यांची बिळं असतात. वरून मातीचा गोळा चेपला की बीळ आत तसंच राहतं आणि उधाणात पाणी तिथूनच झिरपून वाट मोठी करतं. बीळ शेवटपर्यंत खणा, चिकणमाती वीतभर थराने भरा, प्रत्येक थर धुमसाने ठोका. रेताड माती नको. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झडप ओहोटीला उघडते, भरतीला दाबाने मिटते. मध्ये फांदी किंवा प्लास्टिक अडकलं की ती किलकिली राहते आणि खारं पाणी रात्रभर आत येतं. बाहेरची कांदळं (खारफुटी) तोडू नका, लाटेचा मार तीच झेलतात. शिवाय तोडायला कायद्याने बंदी आहे.

किनारा_४०२: म्हणजे पिशवीचा आणि उघाडीचा संबंध आहे तर. पिशव्यांना हसत होतात!

खारेपाटकर: संबंध आहे, मान्य. पण खाडीतलं प्लास्टिक सगळं आपल्या गावचं नाही. आपण सोडलं तरी वरून येणारच. उघाडीच्या तोंडाशी जाळी बसवा.

वरकस: जाळी दोन भरतींत तुंबते. मग गोडं पाणी बाहेर जात नाही आणि पावसात शेत बुडतं. जाळी बसवणार असाल तर रोज ओहोटीला ती झाडायला पगारी माणूस लागेल. श्रमदानाला लोक एक रविवार येतात, जुलैच्या पावसात रात्री उघाडीवर कोण जाणार? ठरावात सोलरच्या ओळीआधी त्या माणसाची मजुरी घाला, दर घरामागे वर्गणी लावून.

किनारा_४०२: वर्गणी घरामागे का? ज्यांची शेती बांधाच्या आत, त्यांनी एकरामागे द्यावी. आमची जागा वरच्या अंगाला आहे.

जिताडा: आणि विहिरी? खारं पाणी आत शिरलं की गावातल्या विहिरी मचूळ होतात, त्या काय एकरावर मोजणार? घरामागेच घ्या.