कार्ड आहे, पण दिवसा सांभाळणार कोण?

'सत्तरीवरच्यांना आयुष्मान भारत योजनेचं कार्ड मिळालं, मग आणखी काय पाहिजे?' असं तुम्ही विचारलं, म्हणून लिहितो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, हे खरंच. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर! आमच्याकडे यवतमाळच्या खेड्यात कापूस वेचणीला घर सकाळीच वावरात जाते. लकवा मारलेली माझी मोठी आई दिवसभर खाटेवर, उशाशी पाण्याचा गडवा. तिला भरती नको. उठवून बसवणारं, वेळेवर गोळी देणारं, हात-पाय हलवून घेणारं कोणी पाहिजे. अंगणवाडीची खोली दुपारनंतर रिकामीच असते, तिथं हे होऊ शकतं (चावी कोणाकडे, हा वेगळा विषय). अशा दिवसाच्या सांभाळाचा खर्च योजनेत घ्या, अन् वयाची अट ६० वर आणा. मोठी आई आत्ता ६४ ची आहे.