सिंधुदुर्ग-रत्नागिरी : कायदेशीर गर्भपातासाठी कुठे जायचं, सही कुणाची, किती आठवड्यांपर्यंत? सल्ला हवा

सुरंगी
नमस्कार मंडळी. देवगड-मालवण किनाऱ्यावरच्या आशाताईंसाठी एक पान तयार करायचं आहे. गणपती किंवा मे महिना सरून दीड-दोन महिने झाले की आमच्याकडे तेच प्रश्न येतात. दिवस गेलेत, मूल नको आहे आणि नवरा मुंबईला परत गेलाय, नाहीतर ट्रॉलरवर आहे. दवाखान्यात सांगतात, "नवऱ्याला घेऊन या, आधार आणा, लग्नाचा दाखला आणा." या फेऱ्यांमध्येच आठवडे निघून जातात.

कायद्याने सही कुणाची लागते? नऊ, बारा, वीस, चोवीस हे आकडे कशाचे? गोळ्या मेडिकलमध्ये का मिळत नाहीत? सोनोग्राफीत व्यंग निघालं तर आधी ओरोस (सिंधुदुर्गाचं जिल्ह्याचं ठिकाण) गाठायचं की थेट कोल्हापूर? ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांनीच सांगावं, कारण हे पान छापून वाटायचं आहे.

तिरफळ
सुरंगीताई, पानावर सगळ्यात वर आठवडे मोजायची रीत लिहा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. पाळी चुकून पंधरा दिवस झाले म्हणजे बाई "पंधरा दिवसांची" नसते, ती सहा आठवड्यांची असते. पाळी अनियमित असेल किंवा बाळ अंगावर पीत असताना पाळी न येताच दिवस गेले असतील तर तारखेवर भरवसा ठेवू नका. सोनोग्राफीच करा, तीही लवकर. तेराव्या आठवड्यापर्यंत गर्भाच्या लांबीवरून वय जवळजवळ अचूक कळतं, पुढे अंदाजातली चूक वाढत जाते.

आता आकडे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी करता येतो. १२ आठवड्यांपर्यंत हाताच्या पंपाने किंवा मशीनने पिशवी रिकामी करतात. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, प्रशिक्षित डॉक्टरांचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये दोघांचं लागतं. २४ च्या पुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर मात्र आठवड्यांची अट नाही आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या मतासाठी थांबायचंही कारण नाही.

बाराचा आकडा दवाखान्याच्या परवानगीशी जोडलेला आहे. बाराच्या पुढच्या गर्भपातासाठी शस्त्रक्रियेचं टेबल, भुलीचं यंत्र, पोट उघडायची वेळ आली तर लागणारी हत्यारं असं सगळं असावं लागतं. छोट्या खासगी दवाखान्यांकडे बहुतेक वेळा बाराच्या आतलीच परवानगी असते. त्यामुळे साडेअकरा आठवड्यांच्या बाईला "पुढच्या सोमवारी या" म्हटलं गेलं की तिच्या तालुक्यातला दरवाजा बंद झालाच म्हणून समजा.

भरतीओहोटी
मी वकील आहे, सहीचं मी सांगते. बाई १८ वर्षांची पूर्ण असेल तर फक्त तिची स्वतःची सही लागते, फॉर्म सी वर. नवऱ्याची, सासूची, आईची, कुणाचीही लागत नाही. विवाहित, अविवाहित, विधवा, सगळ्यांना हेच लागू आहे. गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण पूर्वी फक्त विवाहितेला देता यायचं. २०२१ पासून "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे शब्द आहेत, आणि २० आठवड्यांपर्यंत तेवढं कारण पुरतं.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे की घरच्यांची संमती, जादा कागदपत्रं, कोर्टाची परवानगी अशा कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. आशाताईंनी ही एक तारीख लक्षात ठेवावी. लग्नाच्या दाखल्याला काही आधार नाही. ओळखपत्र केसपेपरसाठी मागतील, पण ते नाही म्हणून गर्भपात नाकारता येत नाही.

१८ च्या आतली मुलगी किंवा मानसिक आजार असलेली बाई असेल तर पालकाची लेखी संमती लागते. पण कायद्यात पालक म्हणजे तिचा सांभाळ करणारी व्यक्ती. आपल्याकडे आईबाप मुंबईला आणि पोरगी आजीजवळ, अशी घरं किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. आजीची सही चालते. बापाला बोलावण्यात आठवडा घालवू नका.

रातांबा
औषध दुकानाच्या बाजूने सांगतो. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विक्रीची नोंद ठेवावी लागते, तपासणी होते, म्हणून बरेच दुकानदार माल ठेवतच नाहीत. दहा दुकानं फिरण्यापेक्षा जे डॉक्टर चिठ्ठी देणार त्यांच्याकडेच गोळ्या मिळतात का ते आधी विचारा.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. "पाळी आणायच्या गोळ्या" म्हणून जी स्ट्रिप हातात मिळते ती बहुतेकदा प्रोजेस्टेरॉन जातीची असते. पाळी नुसती लांबली असेल तर तिचा उपयोग. दिवस गेले असतील तर तिने काहीही होत नाही, बाई मात्र पाच दिवस गोळ्या आणि पुढे दहा दिवस वाट बघण्यात घालवते. आधी लघवीची चाचणी. निश्चय किट आशाताईंकडेच असतं.

सुरंगी
रातांबा, हे मोठ्या अक्षरात छापते. तिरफळताई, गोळ्या घरी घेतल्या तर चालतं का? आमच्या काही वाड्या अशा आहेत की रात्री गाडी मिळत नाही.

तिरफळ
चालतं, पण आधी तपासणी झालेली हवी. सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे हे दिसलं पाहिजे. नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग नाही, नळी फुटून जिवावर बेततं. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर गोळ्या देत नाहीत. तांबी बसवलेली असताना दिवस गेले असतील तर आधी तांबी काढतात. दमा किंवा सांधेदुखीसाठी बरेच दिवस स्टिरॉइड चालू असतील, रक्त न गोठण्याचा आजार असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

पाकिटात पाच गोळ्या असतात : मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार. पहिली गोळी दवाखान्यात, पुढच्या दोन दिवसांनी, म्हणजे तिसऱ्या दिवशी. त्या किती आणि कशा घ्यायच्या ते डॉक्टर आठवड्यांप्रमाणे सांगतात. पंधराव्या दिवशी पुन्हा तपासणी, आणि ती चुकवायची नाही. रक्त गेलं म्हणजे सगळं मोकळं झालं असं नसतं. उलट लघवीची चाचणी पिशवी रिकामी झाल्यावरही तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, तेवढ्यावरून घाबरून दुसरं पाकीट घेऊ नका.

किनाऱ्यावरच्या बायकांना माझा आग्रह आहे की तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या सकाळी घ्याव्यात. रक्तस्राव आणि कळा साधारण चार-सहा तासांत जोर धरतात. सकाळी आठला घेतल्या तर दुपारी काय ते कळतं, तेव्हा गाडी असते, खाडी ओलांडायची होडी चालू असते, दवाखान्यात डॉक्टर असतात. रात्री जेवून घेतल्या तर पहाटे दोनला अंधारात सगळं सुरू होतं. दोन तासांत रुग्णालय गाठता येणार नाही अशा जागी राहूच नका, ते दोन दिवस तालुक्याला बहिणीकडे, मावशीकडे काढा.

लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन मोठी पॅड भिजली तर १०८ ला फोन करा. तिसऱ्या दिवसाच्या गोळ्यांनंतर चोवीस तासांत रक्तच आलं नाही, दुसऱ्या दिवशीही ताप राहिला, घाण वास आला, चक्कर येऊन खांद्यात दुखायला लागलं, यातलं काहीही झालं तरी त्याच दिवशी दवाखाना. तिथे काय घेतलं ते खरं सांगा. उपचार नाकारता येत नाहीत, आणि खरं कळलं तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं आधीच विचारून ठेवा, प्रत्येक ठिकाणी ते फ्रिजमध्ये असेलच असं नाही.

कुळागर
कुठे जायचं ते मी लिहितो. सरकारी रुग्णालयाला वेगळ्या परवानगीची गरज नसते. खासगी ठिकाणाला जिल्हास्तरीय समितीची परवानगी लागते, तिचं प्रमाणपत्र फॉर्म बी. ते भिंतीवर लावलेलं असतं, दिसलं नाही तर मागायला लाजू नका. परवानगी नसलेल्या जागी किंवा अपात्र माणसाने केला तर करणाऱ्याला २ ते ७ वर्षं सक्तमजुरी आहे. "पिशवी धुऊन देतो, कुठे नोंद नको" असं कुणी म्हणालं तर तिथून उठून यावं.

कागदावर सगळी सरकारी रुग्णालयं पात्र असली तरी प्रत्यक्षात डॉक्टरांची जागा रिकामी असते, किंवा भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. म्हणून एसटीत बसण्याआधी फोन करा आणि तीनच प्रश्न विचारा : गर्भपातासाठी तपासणी कुठल्या वारी? भुलीचे डॉक्टर कधी? बाराच्या पुढचं करता का? मालवण-देवगडकडून कणकवली उपजिल्हा रुग्णालय किंवा ओरोस, दापोली-गुहागरकडून चिपळूणजवळचं कामथे किंवा रत्नागिरी, वेंगुर्ला-दोडामार्गकडून सावंतवाडी. गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातही जाता येतं, कायदा केंद्राचा असल्यामुळे तिथेही हेच नियम. परराज्यातल्या रुग्णाला शुल्क किती ते आधी विचारावं.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या अखत्यारीतल्या ठिकाणी तपासण्यांचे सरकारी दराने पैसे लागू शकतात.

पडवीवरून
सगळं बरोबर असलं तरी नवऱ्याची सही असलेली बरी, नंतर घरात भांडण नको, असं मला वाटतं. आणि महाराष्ट्रात गर्भपातावर बंदी आहे ना? दवाखान्यात तसा बोर्ड असतो.

भरतीओहोटी
तो बोर्ड गर्भलिंग निदानाविरुद्धचा आहे, १९९४ च्या कायद्याखालचा. मुलगा की मुलगी हे सांगणं आणि विचारणं गुन्हा आहे. गर्भपात वेगळ्या कायद्याखाली आणि कायदेशीर आहे. सोनोग्राफीच्या वेळी फॉर्म एफ भरून घेतात तो लिंगनिदान कायद्यासाठी, त्याला घाबरून सोनोग्राफी टाळू नका.

घरात सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं. दवाखान्याने ते ठरवलं तर तो नियमभंग आहे. तिचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला कलम ५-ए प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. रजिस्टर गुप्त असतं, इतर कागदांवर नावाऐवजी अनुक्रमांक घालतात. आशाताईंनीही वाडीत "कशाला गेली होती" याचं उत्तर "अंगावरून जात होतं" एवढंच द्यावं.

सुरंगी
आणि वीसच्या पुढचं? अविवाहित मुली खूप उशिरा येतात, भीतीने.

भरतीओहोटी
२० ते २४ मध्ये ठरावीक गट आहेत : लैंगिक अत्याचार झालेली, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेली, मोठं अपंगत्व असलेली, मानसिक आजार असलेली, गर्भात गंभीर व्यंग, आणि सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत सापडलेली. २०२२ च्या त्याच निकालाने परिस्थिती बदललेल्या अविवाहितेलाही यात धरलं. नवऱ्याने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारात मोडते, त्यासाठी एफआयआरची अट नाही.

अल्पवयीन मुलीची पोक्सोखाली (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना माहिती देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. पण संमतीचे संबंध असतील आणि मुलीने व तिच्या पालकाने विनंती केली तर तिची ओळख न देता कळवता येतं, हेही त्याच निकालात आहे. ही विनंती लेखी द्या. पोलीस केस होणार असेल तर मात्र गर्भाचा नमुना डीएनएसाठी जपून ठेवायला आधीच सांगा, नंतर तो परत मिळवता येत नाही.

तिरफळ
व्यंगाचं मी जोडते. व्यंग पाहण्याची सोनोग्राफी १८ व्या आठवड्यालाच करून घ्या. आपल्याकडे ती विसाव्याला होते, शंका आली की कोल्हापूर-मुंबईला दुसरं मत, हृदयाची तपासणी, रिपोर्ट, आणि तोवर तेवीस उजाडतात. पावसात घाट बंद पडला तर आणखी तीन दिवस. आधी ओरोस की थेट कोल्हापूर? एकाच दिवशी दोन्ही कामं सुरू करा : एकाने रिपोर्ट घेऊन तज्ज्ञाकडे जावं, दुसऱ्याने जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात मंडळाच्या अर्जाची माहिती घ्यावी.

भरतीओहोटी
अर्ज मिळाल्यापासून मंडळाने ३ दिवसांत मत द्यायचं असतं आणि होकार असेल तर अर्जापासून ५ दिवसांत गर्भपात व्हायला हवा. म्हणून अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्याच, पोच नसेल तर ते दिवस मोजताच येत नाहीत. नकार मिळाला तर तो लेखी मागा.

पुढे उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्याखाली येतात. रायगडचं अजून मुंबईलाच. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. जाताना सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, मंडळाचं मत आणि पोच दिलेला अर्ज, प्रत्येकाच्या तीन प्रती. सकाळी लवकर पोहोचा, तातडीची प्रकरणं सुरुवातीलाच सांगावी लागतात.

सुरंगी
खूप उपयोग झाला. पान दोन बाजूंनी छापते : पुढे आठवडे आणि धोक्याच्या खुणा, मागे सही आणि फोन नंबर. नंतरच्या गर्भनिरोधकांचंही चार ओळींत कुणी सांगाल का?

तिरफळ
गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आत पुन्हा दिवस जाऊ शकतात, पाळीची वाट बघू नका. पंपाने केला असेल आणि जंतुसंसर्ग नसेल तर तांबी त्याच टेबलावर बसवता येते. ३७५ ची पाच वर्षं चालते, ३८० ए ची दहा. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिन्ही सरकारीत मोफत. नवरा फक्त गणपती आणि शिमग्याला येतो त्या बायका "रोज कशाला" म्हणून काहीच घेत नाहीत, त्यांच्यासाठी तांबी सोयीची. अंतरा घ्यायचं असेल तर तो यायच्या किमान आठवडाभर आधी घ्यायला सांगा.