टोळ की आफ्रिकन गोगलगाय, जास्त डेंजर कोण?

रानवाट: मला तर टोळच वाटतो. वाळवंटी टोळ दिवसाला जेमतेम २ ग्रॅम खातो, म्हणजे स्वतःच्या वजनाइतकं, ऐकायला काहीच नाही पण थव्यात एका चौरस किलोमीटरला ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात आणि वारा मिळाला की दिवसात शंभरेक किलोमीटर पार. तरी घातक उपऱ्या प्राण्यांच्या यादीत ही सरपटणारी जायंट आफ्रिकन गोगलगाय असते, टोळ नसतो. असं का?

किडामुंगी: अरे नुसता स्पीड काय बघतोस. १९८८ला टोळांचे थवे पश्चिम आफ्रिकेतून उडून अटलांटिक पार करून थेट कॅरिबियन बेटांवर उतरले, आणि तिथे वस्ती केली का? नाही. आता गोगलगाय बघ. १९६६ला एका मुलाने हवाईहून मायामीला फक्त ३ आणल्या, आजीने बागेत सोडल्या, सात वर्षांत १८ हजारांच्या आसपास!! निपटून काढायला १० वर्षं आणि सुमारे १० लाख डॉलर लागले. २०११ला तिथेच परत सापडल्या ते वेगळंच.

शेवाळ: त्याचं कारण म्हणजे प्रत्येक गोगलगाय नर पण असते आणि मादी पण, जोडीदार लागतोच पण एकदा मिलन झालं की शुक्राणू महिनोन् महिने साठवून ठेवते, मग एकटी कुठेही पोचली तरी अंडी घालायला मोकळी, तीही एका वेळी शेकड्यांनी. कोरडं पडलं की कवचाचं तोंड पातळ पडद्याने बंद करून झोपून जाते, त्यामुळे मालाबरोबर लांबचा प्रवास आरामात होतो. टोळाला अंड्यांसाठी ओली वाळू हवी आणि पिल्लांना लगेच हिरवं हवं, नाहीतर खेळ खलास.

आणि टोळ पाचेक वेळा कात टाकून वाढतो, ही मात्र कवचाच्या कडेलाच नवीन थर जोडत जाते. त्याला कॅल्शियम लागतं म्हणून भिंतीचा गिलावासुद्धा खरवडते. हिची जीभ म्हणजे बारीक दातांची कानसच.

रानवाट: ओके पटलं. पण २०२०ला पूर्व आफ्रिकेत टोळांच्या थव्यांनी पिकांचा जो फडशा पाडला ते गोगलगायीला जन्मात जमणार नाही.

किडामुंगी: ते आहेच, एका फटक्यात नुकसान टोळाचंच जास्त. फक्त गोगलगायी उचलताना हातमोजे घाला, उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या तिच्यात असू शकतात, माणसाच्या मेंदूपर्यंत जातात. टोळ फार तर लाथ मारेल.