मिरजेतलं तानपुऱ्याचं दुकान गूगलवर दिसत नाही

प्रश्न: नमस्कार मंडळी. मिरजेत आमचं तंतुवाद्यांचं दुकान आहे. बाबा आजही तानपुऱ्याची जवारी (तारांना गुंजता आवाज यावा म्हणून त्या टेकतात ती घोडी घासून नीट करणं) स्वतः काढतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तरी मॅपवर ‘तानपुरा दुरुस्ती’ शोधलं की आम्ही कुठेच नाही. दुकानाच्या नावापुढे हेच शब्द जोडू का?

उत्तर: नावाला हात लावू नका, दादा. पाटीवर आहे तेच नाव ठेवा. जादा शब्द घातले तर गूगल प्रोफाइल बंद करू शकतं. श्रेणी काय निवडलीय?

प्रश्नकर्ता: नुसतं ‘दुकान’.

उत्तर: मग तिथंच अडलंय. वाद्यदुरुस्तीची श्रेणी घ्या. ‘जवारी काढणे’, ‘तारा बदलणे’ सेवांमध्ये लिहा, मराठीत आणि इंग्रजीतही. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर काम करताना बाबांचे फोटो टाका. आणि अभिप्रायासाठी सवलत देऊ नका, नियमात बसत नाही. काम आवडलेल्या गवयाला लिंक पाठवून नुसती विनंती करा.

प्रश्नकर्ता: श्रेणी बदलली. फोटो उद्या सकाळी काढतो, बाबा जवारीला बसतात तेव्हा उजेड छान येतो.