डीमॉझ म्हणजे नेमकं काय होतं?

चिंचगूळ: माळा आवरताना बाबांची २००१ ची डायरी सापडली. त्यात नोंद: "डीमॉझला साइट दिली." हे सर्च इंजिन होतं का?

तळटीप: नाही हो, माणसांनी हाताने लावलेली वेबसाइट्सची यादी. १९९८ साली सुरू झाली. आधी नाव ग्नूहू, मग न्यूहू, आणि त्याच वर्षी नेटस्केप या ब्राउझर कंपनीने घेतली. पत्ता डिरेक्टरी डॉट मोझिला डॉट ऑर्ग, त्याचं झालं डीमॉझ. मी तिथे बिनपगारी संपादक होतो. अर्जासोबत नमुन्याच्या साइट्स वर्णनासकट द्यायच्या, मग एखादा छोटासा विभाग मिळे. रात्री फोन मोकळा झाला की डायल-अप लावून बसायचो. खरं काम विशेषणं छाटण्याचं. "कोकणातील सर्वोत्तम, नयनरम्य रिसॉर्ट" आलं की उरायचं, "किनाऱ्यालगत निवास. खोल्यांचे दर आणि नकाशा." मालक जाम चिडायचे! बायको अजून म्हणते, तुम्ही लग्नपत्रिकेतलं 'शुभ'सुद्धा खोडाल.

खमंग: गूगलची डिरेक्टरी याच यादीवर चालायची ना? म्हणून तर सगळे हात धुऊन मागे लागायचे.

तळटीप: हो, २००० पासून. डेटा फुकटच होता, कुणीही उचलावा. २०१७ च्या मार्चमध्ये डीमॉझ बंद झालं. जुन्या संपादकांनी पुढे कर्ली नावाने तेच चालू ठेवलं. बाबांची साइट कशाची होती?

चिंचगूळ: गांडूळखताची. डायरीत वर्णनही आहे, "शेतकऱ्यांसाठी अमृत."

तळटीप: अरे देवा. 'अमृत' गेलं असणार.